कारवी लावायची तर डोंगराच्या पाळीने

वारली चित्र कागदावर आणि कापडावर आलं ते १९७०च्या दशकात. त्याआधी कित्येक पिढ्या ते घराच्या भिंतीवरच असायचं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ते जगभर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. चित्रातल्या त्रिकोणी माणसांवर, तारप्याभोवतीच्या फेरावर, लग्नचौकातल्या पालघाट देवीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण ज्या भिंतीवर हे सगळं उमटलं, तिच्या आत काय होतं हे फार थोडे जण विचारतात. त्या भिंतीच्या आत कारवीच्या काठ्या होत्या. डोंगरउतारावर वाढणारं, सात वर्षं नुसतं पानांवर राहणारं आणि मग एकदाच, सगळं रान निळंजांभळं करत फुलणारं हे झुडूप आहे.

कुडाची भिंत साधी दिसते, पण तिच्यात बरीच अक्कल आहे. लाकडाच्या मेढी रोवायच्या, त्यांच्यामध्ये कारवीच्या सरळ काठ्या एकमेकींना चिकटून उभ्या करायच्या, आडव्या कामट्यांनी आवळून बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि भाताचं तूस कालवून लिंपायचं. वर गेरूचा हात. त्यावर तांदळाच्या पिठाने चित्र. कारवीची काठी खरबरीत असते, त्यामुळे लिंपण तिला धरून राहतं. ती सरळ वाढते, अंगठ्याएवढी जाड होते आणि वजनाला हलकी असते. पागोळ्यांच्या पाण्याने खालचं लिंपण धुपलं तर पावसाळ्यानंतर तेवढंच पुन्हा लिंपता येतं. विटा-सिमेंट आलं, घरकुलं आली आणि कूड मागे पडला. त्याबरोबर कारवीकडे बघणारी नजरही गेली. आज बोईसरच्या वसाहतीत किंवा पालघरच्या नव्या इमारतींत वाढणाऱ्या मुलाने वारली चित्र शाळेच्या भिंतीवर नक्की पाहिलेलं असतं, कारवी बहुधा पाहिलेली नसते.

म्हणून ही कारवी आपल्या वाडीत, शाळेच्या आवारात, कंपनीच्या मागच्या मोकळ्या जागेत लावता येईल का, याचा नीट विचार करू. लावता येते. मात्र गुलाब-जास्वंदीसारखं एक रोप आणून कुंडीत लावायची ही गोष्ट नाही. कारवी एकटी लावून काही उपयोग नाही आणि आपल्या सोयीच्या वर्षी लावूनही फारसा नाही. तिची स्वतःची पाळी आहे. ती पाळी डोंगर ठरवतो, आणि बागाईतदाराने तिच्यामागे जायचं असतं.

आधी झाड ओळखू. शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथस कॅलोसा. अडुळसा, कोरांटी, अबोली ही ज्या कुळातली, त्याच अकँथेसी कुळातलं. पश्चिम घाटाच्या आणि त्याच्या आजूबाजूच्या डोंगरांच्या उतारांवर हे झुडूप दाट गर्दी करून वाढतं. उंची साधारण दोन मीटर, चांगल्या जागी त्याहून बरीच जास्त. पानं समोरासमोर, वीतभर लांब, कडा दातेरी आणि मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना निघालेल्या समांतर शिरा इतक्या ठळक की पान उन्हात धरलं तर विणलेलं वाटावं. हात फिरवला तर खरखर लागते. पावसाळ्यात ही पानं भरगच्च असतात. पाऊस संपला की पिवळी पडून गळतात आणि उन्हाळाभर नुसत्या करड्या काड्या उभ्या राहतात. या काड्या मेलेल्या दिसतात, पण मेलेल्या नसतात. पुढच्या मृगाला त्यांनाच पालवी फुटते. कारवी लावणाऱ्याने ही एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, माळ्याला आणि शेजाऱ्यालाही सांगून ठेवायला हवी. बागेतली बहुतेक कारवी मरते ती एप्रिलमध्ये "वाळलेला कचरा" म्हणून कापली जाते तेव्हा.

फूल पाहायचं भाग्य मात्र दरवर्षीचं नाही. कारवी दर सात वर्षांनी फुलते असं आपल्याकडे पूर्वीपासून म्हणतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले निसर्ग अभ्यासक आठ वर्षं म्हणतात, कारण तिथे ती २००८ मध्ये फुलली आणि मग २०१६ मध्ये. दोन्ही आकडे बरोबर आहेत. २००८ च्या भाद्रपद-आश्विनात फुललेल्या कारवीचं बी २००९ च्या पहिल्या पावसात रुजलं. त्या रोपांनी २००९ पासून पावसाळे मोजले तर २०१६ हा आठवा. म्हणजे रोपाची सात वर्षं पूर्ण झाली, आणि दोन फुलोऱ्यांमध्ये अंतर पडलं आठ वर्षांचं. रोपाचं वय धरलं तर सात, फुलोऱ्याचं साल धरलं तर आठ. या हिशोबाने त्या उद्यानातला २०२४ नंतरचा मोठा फुलोरा २०३२ च्या सुमाराला येतो. पण हा हिशोब उचलून जव्हारच्या किंवा मोखाड्याच्या डोंगराला लावू नये. वेगवेगळ्या डोंगरांच्या पाळ्या वेगवेगळ्या असतात. शिवाय प्रत्येक पिढीत काही झाडं वर्षभर आधी किंवा वर्षभर मागे फुलतात.

पाळीच्या वर्षी श्रावणातच शेंड्यांकडे बघितलं तर कळतं. पानांच्या बगलेतून लांबट, कणसासारख्या कळ्या निघतात. एकावर एक चढलेली हिरवी छदं आणि त्यांच्या आत दडलेलं फूल. गणपतीच्या आगेमागे फुलं उघडायला लागतात आणि दसऱ्यापर्यंत रान भरलेलं राहतं. रंग निळसर जांभळा, फूल घंटेसारखं, आत मऊ केस. एकेका फुलाचं आयुष्य अगदी थोडं, पण कणसात फुलं पुष्कळ आणि झाडं हजारो, त्यामुळे उतारच्या उतार कित्येक आठवडे फुललेला दिसतो. मधमाश्यांचा मोठा हंगाम असतो हा. आग्या आणि सातेरी दोन्ही कारवीवर तुटून पडतात, आणि त्या वर्षीचा मध दाट आणि गडद निघतो. महाबळेश्वरच्या मधपाळांना कारवीचं साल पाठ असतं. त्याच भागातलं मांघर हे २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. पालघर जिल्ह्यातही मधमाशीपालनाकडे वळलेली गावं आहेत. त्यांनी डोंगरातल्या कारवीची पाळी वहीत नोंदवून ठेवली तर कोणत्या वर्षी पेट्या कुठे न्यायच्या हे त्यांना आधीच कळेल.

फुलोरा आटोपला की झाड मरतं. बांबूचंही असंच असतं आणि केरळातल्या निळ्या कुरिंजीचंही. कुरिंजी ही कारवीची जवळची बहीण. ती बारा वर्षांनी फुलते, २००६ मध्ये फुलली आणि २०१८ मध्ये. आयुष्यात एकदाच फुलायचं आणि तेही सगळ्यांनी एकाच वर्षी, यात झाडाचा फायदा काय? डॅनिएल जान्झेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये बांबूच्या संदर्भात याचं एक उत्तर मांडलं आणि ते कारवीलाही पटतं. बी खाणारे पुष्कळ असतात. उंदीर, पाखरं, किडे, मुंग्या. झाडाने दरवर्षी थोडं थोडं बी दिलं तर खाणाऱ्यांची पिढी दरवर्षी पोसली जाते आणि बी उरत नाही. सात वर्षं काहीच दिलं नाही तर त्या बियांवर जगणाऱ्यांची संख्या वाढत नाही. मग एका वर्षी सगळ्या डोंगराने मिळून इतकं बी टाकलं की सगळ्यांनी पोटभर खाऊनही पुष्कळ उरतं, तर पुढची पिढी उभी राहते.

हे शास्त्र बागाईतदाराच्या थेट कामाचं आहे. दरवर्षी फूल दिसावं म्हणून पाच-सहा वेगवेगळ्या वयांची कारवी शेजारी शेजारी लावायची कल्पना कुणालाही सुचेल. मला ती पटत नाही. अशा बागेत दरवर्षी थोडीशी फुलं येतील, थोडंसं बी धरेल आणि ते बहुतेक खाल्लं जाईल. शिवाय आजूबाजूच्या डोंगराची कारवी फुललेली नसताना एवढ्याशा फुलांकडे मधमाशा किती येणार? एकाच वयाची दाट वस्ती असली तर ती स्वतःच्या जोरावर पुढची पिढी आणू शकते. म्हणून जवळच्या डोंगराच्या पाळीतलं बी घ्यावं, आणि सगळी लावणी एकाच पावसात करावी.

पालघर जिल्ह्याचे लोक जिल्ह्याचे दोन भाग करतात, बंदरपट्टी आणि जंगलपट्टी. सातपाटी, केळवे, तारापूर, चिंचणी ही बंदरपट्टी. मनोरच्या पलीकडे विक्रमगड, जव्हार, मोखाडा ही जंगलपट्टी. कारवी जंगलपट्टीची. तुंगारेश्वरच्या डोंगरात आणि पूर्वेकडच्या उंच मुलखात ती आपली आपण वाढते. बोईसर या दोन्हींच्या मध्ये पडतं. पश्चिमेला तारापूरचं अणुवीजकेंद्र, जे १९६९ मध्ये सुरू झालं, आणि औद्योगिक वसाहत, पूर्वेला डोंगरांची सुरुवात. वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस इथेही पडतो, त्यामुळे पाण्याची अडचण नाही. अडचण आहे ती पाणी साचण्याची. भातखाचराची चिकण माती, खाडीलगतची खारी जमीन आणि किनाऱ्याची निव्वळ रेती या तिन्ही ठिकाणी कारवीचा हट्ट धरू नये. तिला उतार हवा, मुरूम हवा, दगडांमध्ये अडकलेली पालापाचोळ्याची माती हवी. मनोर, विक्रमगड बाजूला जागा असेल तर काहीच करावं लागत नाही. बोईसर-पालघरच्या सपाट जागेत आधी उंचवटा तयार करावा लागतो.

हा उंचवटा करणं सोपं आहे. खाली दगडगोटे, त्यावर मुरूम, त्यावर अर्धवट कुजलेला पाला मिसळलेली माती, असा कंबरेएवढा लांबट ढीग घालायचा. बाजू सरळ ठेवायच्या नाहीत, उतरत्या ठेवायच्या आणि जागोजागी दगड बसवायचे, म्हणजे पहिल्याच पावसात माती वाहून जाणार नाही. ढीग उन्हाळ्यात घालून एक पाऊस तसाच जाऊ द्यावा. तो बसतो, त्यात गांडुळं येतात, आणि कुठून पाणी फुटतं हेही कळतं. रासायनिक खत घालायचं नाही. शेणखतही जपून. कारवी हलक्या जमिनीत राहणारी आहे. खताने तिच्या काठ्या मऊ आणि वेड्यावाकड्या होतात आणि पावसाच्या झोडपीत आडव्या पडतात.

सावलीचा प्रश्न जरा नाजूक आहे. पालघर जिल्ह्यात बाग म्हटलं की डोळ्यासमोर चिकूची वाडी येते. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्या वाड्या म्हणजे इथल्या माणसांनी उभं केलेलं एक सदाहरित रानच आहे. पण चिकूखाली कारवी लावू नये. चिकूची सावली बारमाही आणि दाट, शिवाय वाडीला उन्हाळाभर पाणी दिलेलं असतं. कारवीला उन्हाळ्याची कोरड लागते, ती तिच्या विश्रांतीची वेळ आहे. आंब्याची गर्द सावलीही तिला मानवत नाही. पानगळीची झाडं सगळ्यात चांगली. ऐन, शिवण, मोह, पळस, काकड, यांच्या कडेला, जिथे सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारचं झाकलं जातं. चिकूची वाडी असेल तर तिच्या बांधापलीकडे, पाटाच्या पाण्यापासून दूर, पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या बाजूला जागा निवडावी.

आता बी. इथे माहितीचा सगळ्यात मोठा घोटाळा होतो. फुलं ऑक्टोबरात संपतात म्हणून लोक दिवाळीनंतर बी शोधायला जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात. कारवीचं फळ वाळत वाळत उन्हाळा काढतं. फुलांच्या कणसांवर तेव्हा चिकट, उग्र वासाचा लेप असतो, हाताला लागला तर सहजी जात नाही. आतली लहानशी बोंडं कडक होतात आणि तशीच थांबून राहतात. पहिल्या पावसाचं पाणी लागलं की ती तडकतात. या कुळात बियांखाली आकड्यासारखे छोटे दांडे असतात. बोंड फुटताना त्यांच्या जोराने बी दूर उडतं. फुलोऱ्यानंतरच्या वर्षी मृगाच्या पहिल्या सरींत कारवीच्या रानात उभं राहिलं तर चहूकडून हा तडतडाट ऐकू येतो. झाडाने आठ महिने बी धरून ठेवलेलं असतं ते याचसाठी. डिसेंबरात पडलेलं बी उन्हाळाभर खाल्लं गेलं असतं, जूनमध्ये पडलेलं ताबडतोब रुजतं.

म्हणून बी गोळा करायचं ते फुलोऱ्यानंतरच्या एप्रिल-मे महिन्यात, वाळकी कणसं काडीसकट कापून. कागदाच्या किंवा कापडाच्या पिशवीत, कोरड्या जागी. प्लॅस्टिकमध्ये नाही. कुठून गोळा करायचं यालाही महत्त्व आहे. तुंगारेश्वर अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून काडीही उचलायची नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते चालत नाही. मालकीच्या जागेतली कारवी असेल तर मालकाला विचारून, आणि ज्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथे ग्रामसभेला विचारून. पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलणं तर अगदी आवश्यक. कुठल्या डोंगराची कारवी केव्हा फुलली होती हे त्यांना घरातल्या लग्नाच्या किंवा मुलाच्या जन्माच्या सालावरून बरोबर आठवतं.

पेरायची रीत झाडाचीच उचलावी. मे अखेरीस उंचवट्यावर पाल्याचा पातळ थर पसरायचा, कणसं हाताने चुरून बी वर विखरायचं आणि वरून चिमूटभर माती. खोल पुरायचं नाही. पहिल्या पावसाआधी पाणी घालायचं नाही. खाली उंदीर-मुंग्यांचा फार त्रास असेल तर अर्धं बी पॉलिथिनच्या पिशव्यांत किंवा बांबूच्या नळकांड्यांत मुरूम आणि पालामातीत पेरावं, आणि रोपं चार-सहा पानांची झाली की आषाढातल्या संततधारेत लावावीत. दोन रोपांमधलं अंतर दोन-अडीच फूट पुरे. हे अंतर माळ्यांना फार कमी वाटतं, पण कारवी गर्दीतच सरळ वाढते. मोकळी लावली तर फांद्या फुटतात, झाड पसरतं आणि वाऱ्याने मोडतं. कमीत कमी चाळीस-पन्नास झाडांचं बेट करावं. त्याहून कमी जागा असेल तर कारवीऐवजी दुसरं झुडूप निवडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली दोन वर्षं फार काही दिसत नाही. रोपं बुटकी राहतात, जमिनीखाली काम चालू असतं. या काळात खरा शत्रू तण. रानमोडी आणि घाणेरी, दोन्ही अमेरिकेतून आलेल्या, आणि दोन्ही पालघरच्या डोंगरउतारांवर मोकळी जागा दिसली की घुसतात. त्यांच्या सावलीत कारवीचं रोप गुदमरतं. पावसाच्या मध्यावर एकदा आणि पाऊस सरताना एकदा त्या मुळासकट उपटाव्यात. तिसऱ्या-चौथ्या पावसापासून कारवी वेग घेते, एकमेकींना भिडते, आणि मग तिच्या खाली तणाला ऊनच मिळत नाही. तिथून पुढे बाग स्वतःची राखण करते. उतारावरची माती धरून ठेवायला तिच्यासारखं झुडूप नाही. ज्यांच्या जागेत पावसाळ्यात ओहळ पडतात त्यांनी फुलांचा विचार बाजूला ठेवला तरी केवळ त्यासाठी कारवी लावावी.

उन्हाळ्यात पाणी नको, पण आगीकडे लक्ष हवं. आपल्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात. फाल्गुन-चैत्रात वारा सुटला की त्यातली ठिणगी डोंगराला लागते. कारवीच्या वाळक्या काड्या भराभर पेटतात. बेटाभोवती चार-पाच हात रुंद जमीन झाडून स्वच्छ ठेवावी, पाला आत ढकलावा, जाळू नये.

सात वर्षं नुसती पानं बघायची हे सगळ्यांना झेपत नाही, आणि त्यात काही चूक नाही. म्हणून कारवीच्या बेटाला कडेने सोबत द्यावी. उन्हाच्या बाजूला धायटी. तिला शिशिरापासून उन्हाळ्यापर्यंत तांबडी नळीसारखी फुलं येतात आणि शिंजीर पक्षी त्यावर दिवसभर लटकतात. तिचीच वाळलेली फुलं दशमूलारिष्ट, अशोकारिष्टासारख्या औषधांत आंबवण क्रियेसाठी घालतात. अर्ध्या सावलीत मुरुडशेंग. पावसाळ्यात विटकरी फुलं, पिळदार शेंगा, ज्या बाळगुटीत उगाळतात, आणि सालीचा चिवट दोर. त्याच सावलीत भारंगी. पावसाच्या सुरुवातीला तिच्या कोवळ्या पानांची भाजी जंगलपट्टीतल्या घराघरांत होते, नंतर फिकट निळी फुलं येतात. ही तिन्ही झुडपं वर्षानुवर्षं जगणारी. कारवीची पिढी मरून जागा रिकामी होते त्या वर्षी मागे काहीतरी हिरवं उभं असावं म्हणूनही ती हवीत.

आपल्याकडे वृक्षारोपणाचे कार्यक्रम पुष्कळ होतात. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांच्या कडेला, शाळांत, कंपन्यांच्या हरितपट्ट्यांत दरवर्षी झाडं लागतात. त्यात झुडूप मात्र कधीच नसतं, असलं तर मेंदीसारखं छाटलेलं कुंपण. झाड आणि गवत यांच्या मधला मजला असा रिकामा राहतो. मग त्या हरितपट्ट्यात पाखरं थांबत नाहीत, पाला साचत नाही आणि पावसाचं पाणी माती घेऊन सरळ गटारात जातं. बोईसरसारख्या ठिकाणी, जिथे दहा किलोमीटर पूर्वेला गेलं की खरं रान दिसतं, तिथे तरी वृक्षारोपणाच्या यादीत चार झुडपांची नावं असायला हवीत.

फुलोऱ्याचं साल आलं की मोह आवरावा लागतो. कणसं तोडून फुलदाणीत ठेवायची नाहीत. शेजारच्या लोकांना, शाळेच्या मुलांना बोलवावं. मधमाशा कामात असतात, त्यांना डिवचलं नाही तर त्या त्रास देत नाहीत. फुलं संपल्यावर बेट करडं, चिकट आणि खरंच कुरूप दिसायला लागतं. दिवाळीच्या साफसफाईत ते कापून टाकावंसं वाटतं. तसं केलं तर आठ वर्षांचं बी कचऱ्याबरोबर जातं. काड्या उभ्याच ठेवाव्यात, पुढच्या जूनपर्यंत. पेरायला लागेल तेवढंच बी मे महिन्यात काढून घ्यावं आणि बाकीचं झाडाने आपल्या हाताने उधळू द्यावं.

त्या पावसात जमिनीवर कारवीची रोपं इतकी दाट उगवतात की पाय ठेवायला जागा नसते. विरळणी लगेच करायची घाई करू नये, बरीचशी आपणच मरतात. श्रावणात त्यातली जोमदार रोपं मातीच्या गोळ्यासकट उचलून दुसऱ्या कुणाला द्यायला हरकत नाही, फक्त देताना दोन गोष्टी लिहून द्याव्यात. बी कोणत्या डोंगराचं आणि रुजलं कोणत्या साली. जुन्या काठ्या पाऊस उघडल्यावर जमिनीलगत कापाव्यात. वेलाच्या मांडवाला, टोमॅटोच्या आधाराला, कुंपणाला त्या वर्षभर तरी पुरतात, आणि कूड बांधता येणारा कुणी जाणता माणूस जवळच्या पाड्यावर असेल तर त्याला मजुरी देऊन बागेतल्या ओट्याची एखादी भिंत बांधून घ्यावी.

खंडाळ्याच्या वनस्पतींची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांनी केली, मुंबई इलाख्यातल्या अकँथेसी, म्हणजे कारवीच्याच कुळावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. असं काम विद्यापीठातच व्हायला हवं असं नाही. पालघर जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेने जवळचा एक डोंगर निवडावा आणि तीन तारखा वहीत लिहाव्यात. पहिली कळी दिसली तो दिवस, उतार पूर्ण फुललेला होता तो आठवडा, आणि पुढच्या वर्षी बोंडं तडकली तो पाऊस. वही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवावी. जी मुलं पहिलीत असताना ही नोंद सुरू करतील, ती आठवी-नववीत गेल्यावर त्याच डोंगराचा पुढचा फुलोरा त्याच वहीत लिहितील.